काकडीचं पाणी आणि आईची तहान

पहिल्या दिवशीचं पाणी लोणच्याचं निघालं. म्हणजे घातली होती काकडी आणि पुदिना, पण बरणी होती कैरीच्या लोणच्याची. तीनदा साबणानं धुतली, दोन दिवस अमरावतीच्या मे महिन्यातल्या उन्हात पालथी ठेवली, तरी झाकणातल्या रबरानं आपला वास सोडला नाही. आईनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणाली, "यासंग पोळी देतं का?"

बायको हसली. मला राग आला. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं परिचर आहे. काचेचं भांडं कसं धुवायचं हे मला कोणी शिकवू नये. पण घरात या ज्ञानाला काडीची किंमत नाही. मी रबर फेकलं, झाकणाऐवजी बशी ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली.

हा उद्योग मी हौसेनं काढला नव्हता. होळीपासून आईला लघवीच्या संसर्गानं दोनदा ताप आला. दुसऱ्या वेळी तर बाहेर अंग भाजत होतं आणि आई दोन ब्लँकेटांखाली कुडकुडत होती. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी पाहिली आणि सांगितलं, "एका किडनीला सूज आहे. पाणी वाढवा. पुन्हा असं झालं तर भरती करावं लागेल, आणि या वयात किडनी दुखावली तर मी काही सांगू शकत नाही." आईनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली. घरी आल्यावर मी तिच्या हाताशी ग्लास भरून ठेवला. तासाभरानं ग्लास रिकामा होता आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याची कुंडी ओली होती.

"मले तहानच लागत नाही रे," ती म्हणाली. "कायले बळजबरी करतं?"

मी घाबरलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पण भीतीच्या जोडीला कुतूहलही होतं, आणि माझ्यात ते जरा जास्तच आहे. पारा पंचेचाळीसवर, कूलर नुसता गरम वारा फेकतोय, माणसं माठावर तुटून पडताहेत, आणि एका बाईला तहानच लागत नाही, हे कसं? मी पंधरा दिवसांची रजा टाकली. "आईसाठी," असं साहेबांना सांगितलं. अर्धं खरं होतं.

फळं घातलेलं पाणी मोबाइलवर एका बाईनं दाखवलं होतं. तिच्या बरणीत ज्या गोष्टी तरंगत होत्या त्यातल्या निम्म्या आमच्या इतवारा बाजारात कोणी पाहिलेल्या नाहीत. मग मी आपलंच घेतलं. काकडी, लिंबू, पुदिना, आलं, बडीशेप, वाळा, आणि मोर्शीकडून आलेली मृग बहाराची शेवटची, जरा सुकलेली संत्री. आठवडाभरात मला बरंच कळलं. संत्र्याची साल रात्रभर ठेवली तर सकाळी पाणी कडू होतं. दोष सालीच्या आतल्या पांढऱ्या पापुद्र्याचा. तो काढून नुसत्या फोडी दोन तास ठेवल्या तर पाण्याला नुसता वास येतो, आणि तेवढाच हवा असतो. लिंबाच्या बिया काढायच्याच. काकडीच्या चकत्या पातळ हव्यात, आणि चार तासांनी गाळून टाकायच्या, नाहीतर त्या लिबलिबीत होतात. पुदिना चुरडायचा नाही, तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची. बीटाची एक चकती घातली तर पाणी इतकं लाल होतं की शेजारच्या काकू "कशाचं सरबत?" म्हणत आत आल्या, घोट घेतला आणि साखर विसरलात म्हणून सांगून गेल्या.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिनं लगेच प्रत्येक पाण्याला गुण द्यायला सुरुवात केली, तेही लाल पेनानं, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. "काकडी: दहापैकी सहा. अक्षर सुंदर, मजकूर नाही." "आलं-लिंबू: सात. वर्गात बडबड." "बीट: दोन. देखावा." संत्री-बडीशेपला साडेआठ मिळाले, तेव्हा मी एखादा बोर्डात आलेला पोरगा हिंडावा तसा घरभर हिंडलो.

गुण वाढत होते, पण पाणी संपत नव्हतं. हे मला खुपायला लागलं. साडेआठ गुणांचं पाणी अर्धं उरतं कसं? मग मी आमच्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटवर, म्हणजे मापाच्या काचनळीवर, असतात तशा रेघा कागदाच्या पट्टीवर ओढल्या आणि पट्टी बरणीला चिकटवली. बरणी फक्त आईची, बाकीच्यांनी माठातून घ्यायचं. दर तासाला पाणी किती उतरलं ते वहीत लिहायचं आणि संध्याकाळी त्याचा आलेख काढायचा.

"किडनीवर पीएचडी करून राहिले का तुमी?" बायकोनं विचारलं. ती नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात हिशेब बघते. सकाळी साडेआठला कंपनीच्या बसनं जाते, सहाला येते.

आलेख मात्र विलक्षण निघाला. सकाळी नऊपर्यंत रेघ हळूहळू उतरायची. नऊनंतर एकदम सपाट. दुपारभर सपाट, जेवताना जेमतेम केसभर खाली. आणि संध्याकाळी सहाला धाडकन दोन ग्लास. संत्री घाला, काकडी घाला, नाहीतर साधं पाणी ठेवा, नऊ ते सहा रेघ ढिम्म हलत नव्हती. हललीच तर रविवारी. रविवारी ती सकाळपासून छान उतरत गेली.

मला वाटलं, सापडलं. रविवारी सून घरी असते, गप्पा होतात, गप्पांत पाणी जातं. म्हणजे आईला एकटं वाटतं. मी बायकोला बुधवारी रजा घ्यायला लावली. ती कुरकुरली, पण तिनं घेतली. दिवसभर दोघी कुरडयांचा गहू निवडत, मालिका पाहत, शेजारणीची उणीदुणी काढत बसल्या. पाणी तसूभर हललं नाही. एक रजा वाया गेली म्हणून बायको दोन दिवस माझ्याशी तोडून बोलत होती.

शेवटी मी आलेखाचा कागद सरळ आईपुढे ठेवला. "आई, नऊ वाजले की तू पानी कावून थांबवतं?"

"मी कुठं थांबवतो? लागतच नाही." तिनं चष्मा लावला आणि उत्तरपत्रिका तपासावी तसं त्या सपाट रेघेवरून बोट फिरवलं. मग बोट थांबलं. "अरे, ही तर माह्या शाळेची वेळ आहे. अन् रविवारी सुट्टी."

ती खरोखर चकित झाली होती. मला हे अजून आठवतं, कारण निवृत्तीला बारा वर्षं झाली होती आणि तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावात तिनं बावीस वर्षं शिकवलं. नऊची एसटी, शाळा, पुन्हा एसटी, घरी यायला सहा. शाळेत संडास होता, पण त्यात खिचडीची लाकडं भरलेली. स्टँडवरचा पाहून तर उलटी येई. "मंग काय करा? सकाळी चहा घेतला की बस. उन्हाळ्यात ओठ ओले करायचे, पोटात नाही जाऊ द्यायचं. पहिल्या वर्षी डोकं दुखे. मंग सवय झाली."

हे सगळं ती बाजारातला भाव सांगावा तसं सांगत होती. मी त्याच घरात वाढलो. सहाला आई आली की पायातली चप्पल न काढता आधी मोरीकडे धावते, हे मी रोज पाहिलं होतं आणि आम्ही भावंडं त्यावर हसायचो. त्या हसण्याची मला त्या दुपारी फार लाज वाटली.

"पण आता तर संडास घरात आहे ना, आई."

"मले समजते. पोटाले कोन सांगन?"

कारण कळल्यावर ती प्रयत्न करू लागली. अकराला एक ग्लास, दोनला एक, औषधासारखं तोंड करून, स्वतःच वहीत टिक करून. रेघ जरा वाकली. मला वाटलं, जिंकलो.

त्याच आठवड्यात मावसबहिणीच्या मुलीचं लग्न अकोल्याला होतं. मी संत्री-बडीशेपचं पाणी गाळून दोन बाटल्यांत भरलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि गाडीत ठेवलं. आईनं बाटली मांडीवर घेतली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, झाकण उघडलं नाही. मी आरशातून सारखा पाहत होतो.

"आई, दोन घोट घे."

"घेतो ना. तू समोर पाह्य."

अकोल्याला पोचलो तेव्हा तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मंगल कार्यालयात पंखे गरगरत होते आणि हवा भट्टीची होती. मी तिच्या कपाळाला हात लावला. ऊन आहे की ताप, कळेना. मी चिडलो. "आता भरती व्हायचंय का तुले?" असं चार पाहुण्यांसमोर बोललो. आईनं मान खाली घातली, पण बाटली उघडली नाही.

बायको तेवढ्यात कुठेतरी गेली होती. पाचेक मिनिटांनी आली ती पदरानं हात पुसत. आईच्या खुर्चीशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आई, जेवनाच्या हॉलमागं, उजव्या हाताले. साफ हाय. नळाले पानी हाय. कडी लागते आतून."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग झाकण उघडलं आणि अर्धी बाटली एका दमात संपवली. वरून पिताना गाळणीतून निसटलेला बडीशेपेचा एक दाणा तिच्या हनुवटीवर चिकटला, तोही तिनं पुसला नाही.

मी पाहतच राहिलो. इतके दिवस मी काकड्या चिरत होतो.

उन्हं उतरल्यावर आम्ही परत निघालो. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. मी बायकोला विचारलं, "तुले कसं सुचलं ते?"

"त्यात सुचाचं काय हाय?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "मी बी कुठं गेली का आदी तेच पायते. कंपनीत बायांच्या संडासाची कडी दोन वर्षांपासून तुटली हाय. एकीनं दार धराचं, एकीनं जाचं. म्हनून डब्यासंग दोन घोट, बस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी होतो. आईच्या पाण्याचा तासातासाचा हिशेब माझ्या वहीत होता, आणि शेजारी बसलेली बाई रोज साडेआठ ते सहा तेच करत होती. मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं. त्या बुधवारी ती घरी होती तेव्हा किती पाणी प्यायली, तेही मी पाहिलं नव्हतं. ती माठातून घेत होती ना.

"सांगतलं कावून नाही?"

"इचारलं कोनं?"

मागून आईचा आवाज आला. ती झोपली नव्हती. दुसरी बाटली तिनं दोन सीटांच्या मधून पुढे सरकवली. "घे, पे पोरी. सगळं पे. लागली तर हा गाडी थांबवन." आणि मला, वर्गातल्या आवाजात, "थांबवशीन ना रे?"

"थांबवतो."

बायकोनं बाटली घेतली. थोडं थांबली. मग प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत.

मूर्तिजापूरच्या पुढे एका ढाब्यावर मी गाडी थांबवली. दोघींच्या आधी उतरलो आणि मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. कडी नव्हती, नुसती भोकं होती. मी परत येऊन तसं सांगितलं. मग त्या एकेक करून आत गेल्या, आणि मी बाहेरून दार ओढून धरून, पाठ करून उभा राहिलो.