थांबा दादा, बघते हं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. वीस वर्षं प्रोग्रॅमिंग करून पोट भरतोय. प्रत्येक गोष्टीचं कारण शोधलं की सापडतं, असंच वाटायचं. हे एक मात्र सापडत नाहीये...

नाशिकला गंगापूर रोडवर आमचं छोटं ऑफिस आहे. फुलं पिकवणाऱ्यांसाठी आम्ही ॲप चालवतो — व्यापाऱ्याने किती क्रेट झेंडू मागितला, ते शेतकऱ्याला मोबाईलवर दिसतं. त्या स्क्रीनचा कोड वैशाली लिहायची. यादी उघडेपर्यंत 'लोडिंग' असं दिसण्याऐवजी तिने लिहिलं होतं, 'थांबा दादा, बघते हं.'

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या तोंडावर घोळ झाला. रद्द झालेल्या ऑर्डरी स्क्रीनवर तशाच दिसत राहिल्या. लोकांनी फुलं तोडली, ती सडली. मीटिंगमध्ये मी म्हणालो, "कोड वैशालीचा आहे." तिने नोकरी सोडली. दोन दिवसांनी मला कळलं — ऑर्डरची माहिती कोडमध्ये चार ठिकाणी साठवलेली होती आणि मी शेवटचा बदल तीनच ठिकाणी केला होता. गुपचूप दुरुस्त केलं. तिचं वाक्य काढून 'लोडिंग' टाकलं. आणि गप्प बसलो.

गेल्या महिन्यात तो गुंता एकदाचा सोडवला. माहिती एकाच ठिकाणी आणली, कोड निम्म्यावर आला. तपासायला मखमलाबादला, आमचं ॲप वापरणाऱ्या रामदास आबांच्या मळ्यात गेलो. सकाळचे दहा वाजले होते. आबांचा फोन आठवड्यापूर्वीच घेतलेला, कोरा. त्यावर ॲप टाकलं, त्यांनी उघडलं आणि हसले.

"त्या ताई परत आल्या वाटतं? लय बरं झालं, साहेब!"

स्क्रीनवर तेच वाक्य... मी फोटो काढला. पुन्हा उघडलं, तर 'लोडिंग'.

नंतर सगळं धुंडाळलं. चालू कोडमध्ये ते वाक्य कुठेच नाही. जुन्या प्रतींत आहे, पण तिथून नव्या फोनवर यायला वाटच नाही. शेवटी वैशालीला फोन लावला. ती आता देवळाली कॅम्पला क्लासेस घेते.

"मी कसं करणार, सर? माझं लॉगिन त्याच दिवशी बंद केलंत की तुम्ही!"

मग बोललो — चूक माझी होती.

"माहितीये. जायच्या आधी मी कोड बघितला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. आबांनाही सांगितलं, त्यांची फुलंही गेली होती.

फोटो अजून माझ्याकडे आहे. ते वाक्य तिथे कसं आलं, मला आजही माहीत नाही.