सासूचं गाऱ्हाणं

तळेऱ्याच्या फाट्यावर एस्टीची वाट बघत मी ट्रंकेवर बसून रडत होते आणि माझी सासू, आये, माझ्यावर डाफरत होती, "गप ऱ्हव गो! रडान काय गाडी लवकर येतली?" कुणकेश्वर सोडून आम्ही मुंबईला निघालो होतो, तिच्याच मुलाविरुद्ध कोर्टात. वाडीतल्या बायांनो, तुम्ही तेव्हा तिला वेडी ठरवलंत, म्हणून हे लिहिते.

नवरा बोटीवर लागला, लंडनला उतरला आणि तिथेच राहिला. तिथल्या कोर्टातून सोडचिठ्ठी घेतलीन, मडमेशी लग्न केलंन आणि मग आईला कळवलंन. मला विचारलं नाही, बोलावलं नाही. म्हटलं, गेली पीडा, मोकळी तरी झाले. कसली मोकळी! देवगडचे वकील म्हणाले, "बाई, तुम्हाला न कळवता घेतलेली सोडचिठ्ठी तिकडे चालेल, इथलं कोर्ट मानणार नाही. इथे तुम्ही त्यांची बायकोच." घ्या! तो तिकडे सुटला आणि मी इकडे दावणीला. आता इथे मलाच सोडचिठ्ठी मागायची होती. आमचा संसार परळच्या खोलीत झालेला, म्हणून खटला मुंबईत. त्यानं दुसरी बाई केली हे सांगायला साक्षीदार हवा होता. पोटच्या पोराविरुद्ध कोण उभं राहील? आये राहिली.

तिला पिंजऱ्यात उभी केली. खरं बोलायचं म्हणजे देवापुढेच, एवढंच तिला ठाऊक. हात जोडून तिनं देवळातल्यासारखं गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा म्हाराजा! माझ्या झिलान थंय दुसरी बायल केल्यान. ह्या चेडवाचो काय एक गुन्हो नाय. तेका मोकळा कर रे म्हाराजा!" आणि देवळात गाऱ्हाण्याला साथ द्यायची जन्माची सवय, मी बाकावरून ओरडले, "होय म्हाराजा!" पट्टेवाला दचकला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला रीतसर शपथ दिली, सगळं पुन्हा विचारलं, लिहून घेतलं. मुलाचं नाव तेवढं तिला दोनदा सांगावं लागलं.

मी सुटले. बाहेर पायरीवर ती पदरात तोंड घालून रडली. तिला गप राहा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "आता सून म्हणान नाय, चेडू म्हणान येत जा."

मी मुंबईतच नर्स झाले, दुसरं लग्न केलं. नव्या नवऱ्याला घेऊन गेले, तर आयेनं जावयाला घालतात तसे कोंबडी-वडे घातले. काय बाई होती! परळात कुणी माहेर विचारलं की मी कुणकेश्वर सांगते. तिथे मी सून म्हणून गेले होते, हे हल्ली मुद्दाम आठवावं लागतं.