पंधरा ऑगस्टची जिलेबी आणि माझ्या जाऊबाई

मंडळी, आज मी सूड घेतला.

इथे आखातात पंधरा ऑगस्टला वकिलातीतलं झेंडावंदन झालं, की करामा भागात जाऊबाईंकडे सगळे जमतात आणि जिलेबी मी तळते. गेल्या वर्षी त्या सर्वांसमोर म्हणाल्या, "हे रबर चावायला उंटच हवा."

वर्षभर मी ते वाक्य लक्षात ठेवलं. आज शुक्रवार, इथली सुट्टी, सगळं घर हजर. मी तूप तापवलं आणि पिठाचं फडकं त्यांच्याच हातात दिलं. "यल्ला, चला वहिनी, यंदा तुम्ही दाखवा."

कढईत गोळे पडले. त्यांचाच मुलगा ओरडला, "मम्मा, दॅट्स पकोडा!" सगळे हसले. मी ते गोळे पाकात बुडवून पहिली वाटी त्यांनाच दिली.

परतताना गाडीत हे म्हणाले, "देशाच्या सणाला असं वागतात?"

तुम्हीच सांगा, मग काय दिवाळीपर्यंत थांबायचं होतं?