भेटायला आलेल्यांचा चहा

बायकोचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं आणि मी ऑफिसात महिन्याची सुटी मागितली. सगळे हसले. "सासूले बोलाव ना बे," शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला. सासूबाईंना स्वतःचे गुडघे घेऊन उठवत नाही, हे त्याला कोण सांगणार?

बुलढाण्यातल्या एका कॉलेजात मी कंत्राटी कारकून. पर्मनंट माणसाची रजा म्हणजे हक्क, आमची रजा म्हणजे पंगतीत वाढणाऱ्याचं जेवण, उरलं तर मिळणार. मागे एक जण बापाच्या आजारपणात घरी राहिला, तो परत येईपर्यंत त्याच्या खुर्चीवर दुसराच बसला होता. हेडक्लार्क तेवढे हसले नाहीत. "जाय तू, पाहू," म्हणाले. त्या 'पाहू'नं माझी झोप उडवली.

तरी मी घरी राहिलो. पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं कोणी चुकवत नाही. सोनाळ्याहून बायकोचं सगळं माहेर एसटीनं आलं. मग गल्ली आली, मग माझे मामा आले. आलेल्याला चहाशिवाय पाठवायचं नाही, आणि चहा करणारा मी एकटा. रजा काढली बायकोसाठी आणि सेवा चालली पाहुण्यांची. तिला गोळी द्यायचंही राहून जायचं.

"अहो, तुमी ऑफिसातच बरे होते," ती पलंगावरून म्हणाली. हसलं की टाके दुखायचे, म्हणून बिचारी पोट धरून हसायची. तशी ती मला फार आवडायची.

एका दुपारी दारात हेडक्लार्क. माझे हात पिठात. मी मनाशी म्हटलं, संपलं, दुसरा माणूस घेतल्याचं सांगायलाच आले. त्यांना बसवलं, चहा ठेवला आणि त्या धांदलीत दूध उतू घालवलं. तर हे उठून स्वयंपाकघरात आले आणि मोरीतल्या कपबशा विसळायला लागले.

"साहेब, राहू द्या."

"घाबरू नोको. तुह्या टेबलाचं काम मी करून राह्यलो. दुसरा माणूस लागलाच नाही, तं घेतीन कायले?"

त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण हात पिठाचे.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एवढं मला माहीत होतं. कप पालथा घालत ते म्हणाले, "आमच्या हिच्या वेळेस माही सारी रजा शिल्लक होती. मांगतलीच नाही. म्हटलं, लोक हासतीन."

मग हात पुसून ते बाहेर गेले, स्टूल ओढून पलंगाजवळ बसले आणि माझ्या बायकोला हळूच विचारलं, "लय दुखते काय, बाई?"