तिसरा टक्

धुळ्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये गोष्ट सांगितल्याशिवाय पाना फिरत नाही. त्या दिवशी साक्रीकडच्या नानांची गाडी होती. नानांचा डावा पाय अधू, म्हणून शेतात जायला ही क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी. तिचा नवा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे पातेल्याएवढा लोखंडी डबा, गिअरबॉक्समध्ये फिरवत फिरवत दाबायचा. तीनदा टक् वाजलं की तो पूर्ण बसला. माझी गोष्ट ऐन रंगात होती, नाना हसून डोळे पुसत होते. दोन टक् मी ऐकले, तिसरा झालाच असं धरून चाललो. पुढे गिअरबॉक्स इंजिनला भिडेना, तेव्हा तो उतरवून बघायचं सोडून मी बोल्टच आवळले. अर्धवट बसलेल्या डब्याच्या दाबाने आतला ऑइल पंप कडकन फुटला.

"काय व्हयनं रे भाऊ?"

"नवा पार्टच कच्चा निघाला, नाना!" मी कपाळावर हात मारून झकास नाटक वठवलं.

"जाऊ दे, तुना काय दोष शे?" म्हणत त्यांनी उलट माझीच पाठ थोपटली आणि काठी टेकत एसटी स्टँडकडे निघाले. आता आठवडाभर त्यांना शेत दिसणार नव्हतं. मी गाडीखाली शिरलो. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.