जठारपेठेतल्या घराचं खरेदीखत

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण अकोल्याचं ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका आमच्या ठाण्यात आल्या. लग्न केलेलं नव्हतं. नोकरीच्या कमाईतून जठारपेठेत घर घेतलं होतं. ऑपरेशनसाठी अमरावतीला गेल्या आणि परतल्या, तर दाराला दुसऱ्याचं कुलूप. आत राहायला आलेल्या माणसाने रीतसर नोंदवलेलं खरेदीखत दाखवलं. विकणारी म्हणून नाव यांचंच.

गुन्हा दाखल करून निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल मागवली. तिच्यावरचा विकणाऱ्या बाईचा फोटो मी पुढे ठेवला. "ओळखता?"

त्या बघतच राहिल्या. "नाही साहेब. मले नाही माहीत." आणि फोटो टेबलावर पालथा घातला.

फिर्यादीच खोटं बोलत असेल, तर तो बहुधा कुणाला तरी वाचवत असतो. मी विचारलं, "जाताना घराचे मूळ कागद आणि आधारकार्ड कुठे ठेवले होते?"

"घर बंद राहीन, चोरी होईन, म्हणून लहान बहिणीपाशी. चांदूर बाजारले."

दस्तावर साक्षीदार म्हणून सही करणारा दलाल फरार होता. तो परतवाड्यात असल्याची खबर लागली, उचलून आणला. "मी फक्त सही केली," एवढंच तो घोकत होता. बहिणीच्या गावाचं नाव घेताच त्याची मान खाली गेली. "बाई घरचीच होती साहेब. मोठ्या बहिणीचं आधारकार्डही तिनंच आनलं. चेहरा मिळते, कोनी इचारलं नाही."

बहिणीला महिला पोलिसांनी आणलं. ती रडली नाही. "तिच्या मागं कोन हाये? घर मलेच भेटनार होतं. ते ऑपरेशनमधून उठते का नाही, कोनाले माहीत होतं?"

थोरल्या बहिणीने दारातून ते ऐकलं. आत येऊन मला म्हणाल्या, "हिले मी शिकवलं साहेब, हिचं लगन लावून देल्लं. केस मांगं घेता येईन का?"

ते माझ्या हातात नव्हतं. दोषारोपपत्र गेलं, धाकटी जामिनावर सुटली. घराचा दावा दिवाणी कोर्टात पडून राहिला. घेणाऱ्यानेही आयुष्याची पुंजी ओतली होती, तो कशाला सोडेल? निकालाआधीच थोरल्या भाड्याच्या खोलीत वारल्या. त्यांच्या जागी दाव्यात वारस म्हणून नाव लागलं ते त्याच बहिणीचं. कायद्याने दुसरं कुणी नव्हतंच.

लोक विचारतात, घराचे कागद कुठे ठेवावेत? मी सांगतो, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आधारकार्ड कुणाच्या हाती देऊ नका. मग कुणी विचारतं, लॉकरची चावी कुणाजवळ ठेवायची?