जिन्यातला ओळंबा

सातुका कायीसाया वर्गात शिरली तेव्हा पोरं चटकन उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या मास्तरीणबाई आल्या. सेहेचाळीस वर्षांची बाई, पाठीवर दोन वेण्या, खांद्याला बांधलेलं रंगीत गाठोडं, आणि सिमेंटने भेगाळलेले हात. ती सरळ तिसऱ्या बाकावर जाऊन बसली आणि म्हणाली, "बसा रे बाळांनो. मीपण तुमच्यातलीच. तिसऱ्यांदा बसतेय."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर हसणारी तोंडं मिटली. पायाभूत भौतिकशास्त्र तीनदा बुडालं की अभियांत्रिकीच्या पटावरून नाव कायमचं कटतं, हे आमच्या ला पास शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग रडा, भांडा, कुलगुरूंच्या दारात धरणं धरा, नाव परत चढत नाही.

आता ही बाई या भानगडीत पडलीच कशाला, असं कुणीही विचारेल. शहराच्या वरच्या अंगाला आमची एल आल्तो वस्ती, तिथे तिला ओळखत नाही असा माणूस नाही. नवरा गेल्यावर तिने हातात थापी घेतली, आणि वीस वर्षांत चौदा घरं उभी केली. पुरुष गवंडी आधी हसले, मग तिच्या हाताखाली कामाला लागले. तिने बांधलेल्या भिंतीला ओळंबा, ती वजन टांगलेली दोरी, लावून बघा, केसभर इकडची तिकडे नाही. चौदावं घर उताराच्या जमिनीवर होतं, फार अवघड काम. नकाशावर सही करणारे इंजिनियर साइटवर एकदाही फिरकले नाहीत. वास्तूच्या दिवशी मात्र कोट घालून आले, आणि दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी लागली. फोटो काढायची वेळ आली तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "सातुका, जरा बाजूला होतेस का?" ती बाजूला झाली. मला तर नुसतं सांगतानाही राग येतो. तिला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने रात्रशाळेत नाव घातलं, चार वर्षांत शाळा संपवली आणि थेट अभियांत्रिकीला आली. तिला स्वतःच्या नकाशावर स्वतःची सही करायची होती. बस्स, एवढंच.

पण मधे उभे होते भौतिकशास्त्राचे मास्तर, इंजिनियर बेयोत.

बेयोतसरांचा तास सकाळी सातला. सात वाजून दहा मिनिटांनी ते आतून कडी लावत. पहिल्या दिवशी शिकवणं नाही. दोन पानी नियमावली वाटायची आणि एकेक नियम मोठ्याने वाचायचा. चार गैरहजेऱ्या झाल्या की बाहेर. रस्ता बंद होता ही सबब चालणार नाही, कारण आपल्याकडे आंदोलनवाले रस्ता कुठल्या दिवशी बंद करणार हे आदल्या दिवशीच सगळ्यांना माहीत असतं. अहवाल चौकटीच्या कागदावर, निळ्या शाईत. चुकलेला प्रयोग पुन्हा नाही. शंभरात एक्कावन्नला पास, पन्नास म्हणजे नापास, आणि एका मार्कासाठी गयावया करणाऱ्याचा आणखी एक जाईल.

"नियम नववा," बेयोतसर चष्म्यावरून बघत म्हणाले. "जे मोजलं तेच लिहायचं. बनवलेला आकडा सापडला तर अहवालाला शून्य. नियम बारावा. मार्कांवर हरकत असेल तर दोन दिवसांच्या आत, फळ्यापाशी उभं राहून, सगळ्या वर्गासमोर. अकरा वर्षांत हरकत घेऊन कुणी जिंकलेलं नाही."

ही नियमावली सातुकाची तिसरी प्रत होती. पहिल्या वर्षी दोन स्लॅब आणि दोन आजारपणं मिळून चार गैरहजेऱ्या झाल्या. स्लॅब टाकायच्या दिवशी मुख्य गवंडी जागेवर नाही, असं कधी झालंय का? दुसऱ्या वर्षी एकोणपन्नास पडले. या वर्षी तिने स्लॅबची सगळी कामं शनिवारी घेतली आणि नियमावली स्वयंपाकघरात चुलीच्या वर चिकटवली. लेक योवाना चिडवायची, "आई, लोक तिथे देवाचा फोटो लावतात." सातुका म्हणायची, "देव माफ करतो गं. हा माणूस नाही करत."

सत्राच्या शेवटी लंबकाचा प्रयोग आला. दोरीला वजन टांगायचं, झोके मोजायचे आणि पृथ्वी किती जोराने ओढते तो आकडा काढायचा. दहा मार्क. बाकीचं सगळं धरून सातुकाचे त्रेचाळीस झाले होते. म्हणजे दहातले आठ हवेत. सात मिळाले तरी खेळ खलास.

लंबक बघून तिला हसूच आलं. "अगं बाई, हा तर ओळंबा!"

तिने शंभर झोके मोजले, तीनदा मोजले. तिन्ही वेळा उत्तर आलं नऊ पूर्णांक सत्त्याहत्तर. पुस्तकात मात्र नऊ पूर्णांक एक्क्याऐंशी.

शेजारच्या टेबलावरच्या पोराने डोकावून पाहिलं. "मावशी, चुकलंय तुमचं. दोरी चार मिलीमीटर जास्त लिहा, बरोबर जुळतं. सगळे तेच करतात. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या वर्षीचा अहवाल तयार मिळतो."

"दोरी वाढवून लिहिली की भिंत सरळ होते का रे?"

"भिंतीचं नाही हो, मार्कांचं बोलतोय मी!"

पोराचं म्हणणं तिला पटत नव्हतं, पण भीती वाटायची ती वाटलीच. खोटं कशाला सांगू? त्या संध्याकाळी तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं, असं चारदा केलं. शेवटी आकडा लिहिला तो नऊ पूर्णांक सत्त्याहत्तरच. तिच्या हाताने इतक्या वर्षांत माप खोटं लिहिलं नव्हतं; आता शिकायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं.

अहवाल तपासले सहायकाने. विल्मेर आरान्सिबिया, कडक इस्त्रीचा शर्ट, स्वतः बेयोतसरांचा जुना विद्यार्थी. सोमवारी सातुकाच्या हातात अहवाल पडला. वर लाल शाईत भलंमोठं शून्य, आणि खाली शेरा: 'उत्तर चूक. मोजमाप निष्काळजी.'

निष्काळजी! नापास म्हटलं असतं तर ती रडली असती. निष्काळजी म्हटल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुधवारी सकाळी सातच्या तासाला ती फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. पाठीला गाठोडं होतंच.

"इंजिनियर, नियम बारावा. माझी हरकत आहे."

वर्गात कुजबुज सुरू झाली. बेयोतसरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "बोला."

"मी जे मोजलं तेच लिहिलं. हे निष्काळजी म्हणतात."

विल्मेर हसला आणि पटावरचं तिचं पूर्ण नाव घेऊन, वर मानाचं 'दोन्या' लावून म्हणाला, "दोन्या सातुर्निना, सदतीस जणांचं उत्तर एक आणि तुमचं एकटीचं वेगळं. आता तुम्हीच सांगा, चुकलं कोण?"

"सदतीस जणांनी मोजलं की सदतीस जणांनी लिहिलं?" सातुका म्हणाली. मागच्या बाकांवर एकदम खोकला सुटला.

बेयोतसर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "दोरीची लांबी कशी घेतलीत?"

"वजन टांगून. रिकामी दोरी मोजली तर भाराखाली ताणते, माप खोटं पडतं. आणि वजनाच्या कडीपर्यंत नाही मोजलं, त्याच्या पोटाच्या मध्यापर्यंत मोजलं."

"हे कुणी शिकवलं?"

"भिंतींनी."

बेयोतसरांनी तिचा अहवाल हातात घेऊन आकडा वाचला. मग म्हणाले, "पुन्हा करून दाखवाल?"

"इथे छत बुटकं आहे. जिन्यात चला. दोरी जितकी लांब तितकी चूक कमी."

आणि अख्खा वर्ग तिच्या मागे निघाला. आमच्या त्या इमारतीचा जिना चार मजले वर जातो, आणि मधली जागा विहिरीसारखी मोकळी आहे. सातुकाने गाठोडं सोडलं. आत पाव होता, वाळवून उकडलेले बटाटे होते, आणि त्याखाली फडक्यात गुंडाळलेला तिचा पितळी ओळंबा. वरच्या कठड्याला तिने दोरी आवळली, ओळंबा सोडला, दोरी ताणून स्थिर होऊ दिली आणि पोलादी टेप लावून बरोबर दहा मीटरला गाठ बसवली. पोरं श्वास रोखून बघत होती.

बेयोतसरांनी भिंतीवर खडूने दोन ओळी लिहिल्या. शंभर झोक्यांना पुस्तकाप्रमाणे लागणार दहा मिनिटं, चौतीस पूर्णांक चार सेकंद. बाईंच्या आकड्याप्रमाणे सव्वा सेकंद जास्त. मग त्यांनी स्टॉपवॉच विल्मेरच्या हातात दिलं. "तूच मोज. म्हणजे कुणाची तक्रार नको."

ओळंबा सुटला. भलताच संथ तो झोका. आधी दोघंतिघं मोजत होते, विसाव्याला वर्ग मोजू लागला, पन्नासाव्याला वरच्या मजल्यांवरची माणसं कठड्यावर येऊन मोजू लागली. झाडूवाली बाई झाडू धरून उभी राहिली. सातुका एकटी मोजत नव्हती. ती नुसती दोरीकडे बघत होती. पटावरचं नाव, चुलीवरचा कागद, फोटोच्या वेळी बाजूला होणं, सगळं त्या दोरीला लटकलं होतं.

"अठ्ठ्याण्णव! नव्व्याण्णव! शंभर!"

विल्मेरने बटण दाबलं. आकडा बघितला. पुन्हा बघितला. त्याचा चेहरा पडला.

"मोठ्याने," बेयोतसर म्हणाले.

"दहा मिनिटं... पस्तीस पूर्णांक सहा."

जिन्यात जो आरडाओरडा झाला तो खाली बसथांब्यावर ऐकू गेला म्हणतात. पोरांनी "सातुका! सातुका!" करत इमारत डोक्यावर घेतली. तिने डोळे पुसले, मग पदरासारखी शाल तोंडावर ओढून खुशाल रडली.

बेयोतसरांनी हात वर केला तेव्हा कुठे शांतता झाली. "पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा आहे," ते म्हणाले. "आपण साडेतीन हजार मीटरच्या वर राहतो. इथे पृथ्वी जरा ढिली ओढते. लढाईत किनारा गमावल्यापासून या देशाला समुद्र उरलेला नाही, अन् तुम्ही सदतीस जण समुद्राचा आकडा घेऊन आलात! आता मला सांगा, एक्क्याऐंशी खरोखर मोजून कुणाला आलं? हात वर."

एक हात वर झाला नाही. सगळ्यांची पाचावर धारण बसली. नियम नववा काय म्हणतो, ते सगळ्यांना पाठ होतं.

सातुकानेच तोंड उघडलं. "इंजिनियर, दोरी बांधलेलीच आहे. मोजू द्या की पोरांना."

"नियम सहावा. प्रयोग पुन्हा नाही." बेयोतसर चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसला. "पण शून्यं मी शुक्रवारी संध्याकाळी चढवतो. तोवर या जिन्यात कोण काय मोजतं, हे बघायला मला वेळ नाही." आणि ते विल्मेरकडे वळले. "तूही मोज. पहिला नंबर तुझा."

शुक्रवारपर्यंत त्या जिन्यातून कुणाला धड जाता आलं नाही. विल्मेरने सलग तीनदा मोजलं, आणि तिसऱ्यांदा झाल्यावर सातुकाला शोधत आला. "मावशी, तो निष्काळजी शब्द मी खोडलाय," असं म्हणून मान खाली घालून गेला.

निकालाच्या यादीत तिच्या नावापुढे बावन्न होते. त्रेचाळीस आणि नऊ. ती बेयोतसरांकडे गेली. "इंजिनियर, उत्तर बरोबर होतं ना? मग दहावा मार्क कुठे गेला?"

"काळ्या शाईत लिहिलंत. नियम पाचवा."

सातुका इतकी हसली की सरांनाही शेवटी हसू आवरलं नाही.

पुढच्या सत्रात योवाना पहिल्या वर्षाला लागली आणि नियमावली घेऊन धावत घरी आली. "आई, हे बघ!" नियम बारावा बदलला होता: 'अकरा वर्षांत हरकत घेऊन एकच व्यक्ती जिंकली आहे.' आणि शेवटी एक नवी ओळ होती: 'या इमारतीत वापरायचा आकडा नऊ पूर्णांक सत्त्याहत्तर. मोजणी: सातुर्निना कायीसाया, गवंडी.' प्रयोगशाळेच्या दारावर तीच ओळ मोठ्या अक्षरांत फ्रेम करून लावलीय, असंही योवानाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सातुका मुद्दाम लवकर गेली. दारापुढे उभी राहिली, आपलं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं. मग एक डोळा मिटून फ्रेमकडे बघितलं.

"कुणी लावलीय ही? डावीकडे झुकलीय," ती म्हणाली, आणि गाठोड्यातून ओळंबा काढला.